फोटोवर फिरलेला हात

"फोटो देवाचा की माणसाचा?"

तळेगाव स्टेशनाजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेलं की पहिला प्रश्न हाच येतो. देवाचा म्हटलं की तो सोनेरी नक्षीची पट्टी पुढं करतो, माणसाचा म्हटलं की साधी तपकिरी, आणि गेलेल्या माणसाचा असेल तर न सांगता हार अडकवायला वर दोन हुक बसवून देतो. वराळ्याहून तळेगाव जवळच, त्यामुळं घरातल्या आणि शेजारपाजारच्या तसबिरी घेऊन माझी तिकडे वरचेवर फेरी होते. दिवाळीच्या तोंडावर एक बाई तडकलेल्या काचेचा लक्ष्मीचा फोटो घेऊन आल्या होत्या. माझ्या मनात आलं, लक्ष्मीचा फोटो काढला कुणी, आणि काढला तेव्हा ती उभी होती कुठं? प्रश्न खुळचट वाटला म्हणून गिळला.

तो तितका खुळचट नव्हता. छापलेल्या चित्राला आणि कॅमेऱ्यातून निघालेल्या छबीला मराठी माणूस एकाच शब्दानं हाक मारतो: फोटो. क्रियापदही एकच. आपण चित्र काढतो आणि फोटोही काढतो. मुद्दाम घडवलेल्या 'छायाचित्र' या शब्दाच्या शेवटीही चित्रच येऊन बसलंय. ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं भारतातल्या छापील देवचित्रांवर २००४ मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नावच 'देवांचे फोटो' अशा अर्थाचं आहे. ते नाव त्याला इथल्या लोकांच्या बोलण्यातूनच मिळालं.

हे सगळं आठवायचं कारण, गेली काही वर्षं जिथं तिथं कानावर पडणारं एक वाक्य: 'आता फोटोवर विश्वास उरला नाही.' पारावर बसलेले म्हणतात, प्रदर्शनं भरवणारे म्हणतात, वकीलही म्हणतात. त्यात एक गृहीत दडलेलं असतं, की पूर्वी फोटो खरं बोलायचा आणि संगणकानं त्याला बिघडवला. हे गृहीत तपासायला फार लांब जायला नको. लोणावळ्याची लोकल पुरते.

तळेगाव सुटलं की वडगाव, कान्हे, कामशेत आणि चौथं स्टेशन मळवली. उतरणारे बहुतेक भाज्याच्या लेण्यांकडे नाहीतर लोहगडाकडे वळतात. याच मळवलीत राजा रविवर्मा यांचा छापखाना होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुढं मुंबईत प्लेगनं थैमान घातलं आणि एकोणिसावं शतक संपता संपता तो इथं मावळात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी तो फ्रित्झ श्लायखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९७२ च्या आगीत बराचसा ऐवज गेला.

तिथं काय चाले? चुनखडीच्या जड गुळगुळीत शिळांवर कारागीर चित्र उलटं उतरवत. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. एकाच कागदावर एकामागून एक रंग असे बसवायचे की रेष केसभरही सरकू नये. शेवटी वार्निशचा हात, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. अशा छापांना ओलिओग्राफ म्हणत. पुढं लोकांनी हौसेनं त्यांवर जर आणि टिकल्या चिकटवल्या. रविवर्म्यांची लक्ष्मी कमळावर उभी असली तरी तिच्या अंगाला वजन आहे, पदराला चुण्या आहेत, प्रकाश एका बाजूनं येतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. त्याआधीच्या पोथ्यांतल्या, भिंतींवरच्या देवतांना सावली नव्हती. सावली आली आणि देवी 'खरी' दिसू लागली. युरोपीय तैलचित्रणाची रीत आणि फोटोग्राफीनं डोळ्यांना लावलेली नवी सवय या दोन्हींनी मिळून हे घडवलं. तेव्हा लक्ष्मीचा फोटो म्हणणाऱ्या बाई चुकत नव्हत्या. जो कधी काढलाच गेला नाही अशा फोटोसारखी ती प्रतिमा आहे.

वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंतानं १९३० च्या दशकात लिहून ठेवलं की यंत्रानं प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीभोवतीचं तेज विरतं. कलाविषयक चर्चेत हे विधान इतकं घोळवलं गेलंय की त्याला शेवाळ आलंय. मळवलीच्या बाबतीत मला ते उलटं दिसतं. रविवर्म्यांचं मूळ तैलचित्र एखाद्या राजवाड्यात नाहीतर संग्रहालयात लटकलेलं, त्याला कुणी हळदकुंकू वाहत नाही. काचेवर कुंकवाचं बोट उमटतं ते चार आण्याच्या प्रतीच्या.

मळवलीच्या पुढचं स्टेशन लोणावळा. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब, हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. ती सोडून त्यांनी लोणावळ्याला ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढला आणि रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचं काम केलं. चित्राचा फोटो, फोटोवरून शिळा, शिळेवरून हजारो छाप. ब्रशचा हात कुठं संपला आणि भिंगाचं काम कुठं सुरू झालं हे त्या साखळीत कोण दाखवणार? हा कारखाना पुढं दादरला गेला आणि फाळके सिनेमाकडे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'बद्दल शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. मला त्याआधीची एक छोटी फिल्म जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर ठरावीक वेळानं त्याची एकेक चौकट टिपत राहिले आणि मग ती सलग चालवली. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला कोंब फुटून वेल झाली. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव. आता हा फोटो खरा की खोटा? एकेक चौकट शंभर टक्के खरी. वेल मात्र अशी कुणाच्याही डोळ्यांसमोर कधीच वाढत नाही. फाळके हातचलाखीचे प्रयोगही करत, आपलं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून. वाटाण्याची ही फिल्म काढणारा माणूस जादूगार असावा यात मला काही विसंगत वाटत नाही.

आणखी मागं जायचं तर खंडाळ्याच्या घाटात जावं लागेल. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या हिंदी सभासदांपैकी एक. त्याच दशकात बोरघाटातून रेल्वे चढवण्याचं काम सुरू झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ठेका पुढं चालवला आणि कामाचे फोटोही काढले. १८६३ मध्ये घाट सुरू झाला, मग नामांकित फोटोग्राफर तिथलं गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन टिपायला येऊ लागले.

त्या काळच्या ओल्या काचेच्या प्लेटी फोटोला काही सेकंद मागत. हलणारा माणूस पुसला जाई, स्थिर दगड राही. त्या प्लेटींना निळा रंग इतका झोंबे की आकाश पांढरं फटक निघे. म्हणून युरोपातले कसबी लोक ढगांची निगेटिव्ह वेगळी काढून ठेवत आणि हव्या त्या डोंगरावर ती छापत. आमच्या मावळातला जून ज्यानं पाहिलाय त्याला बिनढगाचा बोरघाट खोटाच वाटेल. म्हणजे त्या काळी ढग घुसवलेला फोटो डोळ्यांना खरा आणि न घुसवलेला खोटा. आता फोनवरचं अ‍ॅप एका टिचकीत आकाश बदलून देतं तेव्हा आपण डोळे वटारतो.

याहून काळी बाजूही तेव्हाचीच आहे. १८५७ च्या उठावानंतर फेलिचे बिआटो या फोटोग्राफरनं लखनौच्या सिकंदरबागेचा फोटो काढला. मागं पडझड झालेली इमारत, अंगणात विखुरलेल्या कवट्या आणि हाडं. लढाई होऊन काही महिने उलटले होते. फोटोसाठी ते अवशेष मांडले गेले असं अभ्यासक मानतात. मेलेली माणसं खरी, त्यांची मांडणी रचलेली. तरी दीडशे वर्षं तो फोटो इतिहासाच्या पुस्तकांत पुरावा म्हणून छापला जातोय.

इतकं सांगून 'पूर्वीही खोटंच होतं, आताही खोटंच आहे, चालू द्या' असं म्हणता आलं असतं. तसं म्हणणारे बरेच आहेत आणि ते मला आळशी वाटतात. पूर्वी आणि आता यांत फरक आहे; तो खरेखोटेपणात शोधला तर सापडत नाही, एवढंच. जुन्या प्रत्येक उदाहरणात फोटोवर कुणाचा तरी हात फिरलाय आणि तो कुणाचा हे बोट दाखवून सांगता येतं.

गावोगावच्या स्टुडिओंत या हाताला रीतसर नाव होतं: टचिंग. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण बुजवायचे, डोळ्यांखालचं काळं उजळायचं. मुलगी दाखवायच्या फोटोत रंग एक-दोन पायऱ्या वर न्यायचा हा अलिखित नियम. नवरा-बायको आयुष्यात कधी एकत्र स्टुडिओत गेले नसतील तर दोन वेगळे फोटो जोडून शेजारी बसवायचे. आमच्या घरात आजोबांचा असा एक फोटो आहे. अंगात कोट आहे. तो कोट त्यांचा नव्हता, स्टुडिओचाही नव्हता. तो ब्रशनं घातलेला आहे. घरातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे आणि तरीही आजोबा म्हटलं की मला तो कोटच आठवतो. टचिंगवाल्याला लोक ओळखत. 'गोरं जास्त झालंय, जरा उतरव' असं त्याला तोंडावर सांगता येई.

संगणक आला तो आधी कलादालनात आला नाही, लग्नाच्या अल्बमात आला. करिझ्मा अल्बम नावाच्या जाडजूड वह्यांत नवरानवरी स्वित्झर्लंडच्या बर्फात, ताजमहालापुढं, गुलाबाच्या पाकळीत दिसू लागली. पाठोपाठ फ्लेक्स. तळेगाव-चाकण रस्त्यानं एक फेरी मारली की निवडणूक नसतानाही शेपन्नास चेहरे हात जोडून भेटतात: वरच्या ओळीत नेते, मध्ये वाढदिवसवाला, खाली शुभेच्छुकांचं पासपोर्ट साइझ भजनी मंडळ. यांतले बरेच जण एका खोलीत कधी बसले नसतील. पण फ्लेक्स बघून फसतो कोण? कोण कुणाच्या शेजारी आहे, कुणाचं डोकं केवढं मोठं, एवढंच गाव त्यातून वाचतं आणि अचूक वाचतं. कलासमीक्षकांनी फ्लेक्सकडे नाक मुरडून पाहिलं, हे त्यांचं नुकसान झालं. प्रतिमेची साक्षरता या राज्यात कशी पसरली हे समजायला त्याच्याइतकं दुसरं साधन नाही.

आता कलात्मक म्हणवणाऱ्या छायाचित्रणाकडे. मुंबईत सलोनची, म्हणजे निवडक फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांची, जुनी परंपरा होती. धुक्यातली होडी, तिरप्या उन्हातली बैलगाडी, सुरकुतलेला म्हातारा. फोटो चित्रासारखा दिसला की कला झाली अशी समजूत. यावर फार वेळ घालवायचं कारण नाही. आजही फोटोक्लबांच्या स्पर्धांत तेच म्हातारे दिसतात, फक्त सुरकुत्या जास्त धारदार केलेल्या.

त्यातून निराळ्या वाटा निघाल्या. गौतम राजाध्यक्षांनी (१९५०-२०११) चेहऱ्यावर मऊ, पसरलेला प्रकाश टाकून माणूस खुलवला. 'चेहरे' या त्यांच्या पुस्तकातली माणसं आपल्याला ठाऊक असतात त्याहून देखणी आहेत आणि ते लपवलेलं नाही. तो त्यांचा माणसांवरचा लोभ आहे. याच्या दुसऱ्या टोकाला सुधारक ओलवे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो पाहताना प्रकाश कुठून येतो हे विचारायचं सुचत नाही, कारण माणूस गटारात उतरलेला असतो. संदेश भंडाऱ्यांनी तमाशाच्या फडांबरोबर आणि वारीत वर्षानुवर्षं काढली. राहुटीत तोंडाला रंग लावणारी बाई त्यांच्या फोटोत ना नटी असते ना नुसती कष्टकरी. कणकवलीच्या इंद्रजित खांबे यांनी सिंधुदुर्गातल्या दशावताराचं चित्रण केलं; ते फोनवरही फोटो काढतात. दिवसा शेतात किंवा रिक्षावर असलेला माणूस रात्री देव होऊन उभा राहतो. फोटो त्या दोन्हींच्या मधल्या क्षणाचा असतो आणि तो क्षण दचकत नाही. फोनवरचा फोटो म्हणजे उथळ, असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं फोनवरचं काम बघावं.

पुष्पमाला एन. या बंगळुरूच्या कलावतीनं तर मळवलीचीच गोष्ट उलटी फिरवली. क्लेअर आर्नी या छायाचित्रकर्तीबरोबर, २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत, तिनं रविवर्म्यांची चित्रं स्टुडिओत हुबेहूब उभी केली: रंगवलेले पडदे, दागिने, कमळ आणि लक्ष्मीच्या जागी ती स्वतः. म्हणजे लक्ष्मीचा फोटो अखेर खरोखर काढला गेला. तो पाहताना भक्तिभाव जागत नाही, हसू येतं आणि थोडं अवघडल्यासारखं होतं. पडद्याची शिवण दिसते, कमळ पुठ्ठ्याचं आहे हे कळतं. शिवण दिसू देण्यात त्या कामाचा प्रामाणिकपणा आहे.

अजिंठ्याचं उदाहरण याहून अवघड. रॉबर्ट गिल यांनी तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलं; त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढं जे. जे. च्या ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधल्याच आगीत गेल्या. आजच्या काळात नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी या चित्रांचे मंद प्रकाशात फोटो काढून, रंग उडालेल्या आणि पोपडे गेलेल्या जागा संगणकावर भरून चित्र मूळ कसं असेल ते दाखवण्याचं काम अनेक वर्षं केलंय. पाहणाऱ्याला बोधिसत्त्वाचा नाहीसा झालेला हात दिसतो. हा फोटो आहे का? नाही. चित्र आहे का? तेही पुरतं नाही. अभ्यासानं केलेला अंदाज आहे, आणि तो कुणी, कशावरून केला हे सांगितलेलं आहे. तोवर मला त्याची भीती वाटत नाही.

भीती वाटते ती माझ्या स्वतःच्या फोनची. तिथं हात कुणाचा फिरतो हे मला कळत नाही.

थोडं आत शिरून बघू. फोनच्या सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी असते: अर्ध्या ठिपक्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळी. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीनपैकी एकच रंग कळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून भरले जातात. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बेयर यांनी १९७० च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही बहुतेक सगळ्या डिजिटल कॅमेऱ्यांत आहे. तेव्हा 'काहीही न बदललेला' डिजिटल फोटोसुद्धा रंगाच्या हिशेबानं दोन तृतीयांश अंदाज असतो. यात फसवणूक नाही, अंकगणित आहे.

पुढचं पाऊल जरा वेगळं. आपण बटण दाबतो तेव्हा फोन अनेक चौकटी घेऊन बसलेला असतो, काही तर आपण दाबायच्या आधीच्या. त्यातून तो उजेडाचे आणि काळोखाचे भाग वेचतो, चेहरा ओळखून त्वचा गुळगुळीत करतो, आभाळ निळं आणि भात हिरवा करतो. २०२३ च्या मार्चमध्ये एकानं चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले खड्डे फोटोत स्पष्ट उमटले. फोन चंद्र ओळखतो आणि त्याचा तपशील वाढवतो, असं कंपनीनं मग सांगितलं. त्याच वर्षी गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये गटफोटोतल्या प्रत्येकाचा चांगला चेहरा वेगवेगळ्या चौकटींतून उचलून एकत्र बसवायची सोय आली. सगळे हसतायत, पण सगळे एकदम हसले असा क्षण झालाच नाही. जोडफोटो आमचा स्टुडिओवालाही करायचा, पण त्याला तसं सांगावं लागे.

त्याच २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानं सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत मिळालेलं बक्षीस नाकारलं. पाठवलेली प्रतिमा कॅमेऱ्यानं काढलेलीच नव्हती, यंत्राला शब्द सांगून बनवलेली होती. त्या प्रतिमेतली दोन बायकांची जुनाट छबी इतकी 'फोटोसारखी' होती की परीक्षक तिथंच थांबले. यंत्रानं फोटोसारखं काय असतं ते लाखो फोटो पाहून शिकून घेतलं होतं. रविवर्म्यांच्या लक्ष्मीनंही तेच केलं होतं, फक्त तिच्यामागं एक नाव होतं आणि मळवलीत एक पत्ता होता. दर आषाढीला हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर वारकऱ्यांबरोबर चिखल तुडवणारा विठ्ठल येतो. त्याला कोण फसतं? पण त्याच रांगेत 'शिवकाळातला दुर्मीळ फोटो' येतो तेव्हा मला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे आठवतात. शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र पूर्वी छापलं जाई ते महाराजांचं नव्हेच, हे त्यांनी दाखवलं आणि १९३३ मध्ये डच साधनांतून अस्सल चित्र पुढं आणलं. चेहरा रुबाबदार दिसतो का, यावर त्यांनी निवाडा केला नाही. चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं, सोबतचा कागद काय सांगतो, हे त्यांनी तपासलं.

कोर्टही आता त्याच वाटेनं चाललंय, आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की मुदत टळल्यावर, असा वाद झाला आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रण पुढं आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर प्रश्न नाही. त्यातली नक्कल आणली तर ती कुठून, कशी काढली याचा दाखला जोडलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर दाखल्याबरोबर त्या फाइलीचा हॅश, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारी अंकांची मोहोर, द्यावी लागते. लायकासारख्या कंपन्यांनी २०२३ पासून कॅमेऱ्यातच असा शिक्का बसवायला सुरुवात केली आहे. फोटोत काय दिसतं यापेक्षा तो कुणाच्या हातून आला याला भाव येतोय. कलादालनांनी मात्र हे अजून फारसं मनावर घेतलेलं नाही. प्रदर्शनातल्या फोटोखाली कागद कोणता, शाई कोणती हे छापतात. फोटोत यंत्रानं काय भरलं हे छापायची रीत पडलेली नाही. ती पडावी.

आजवरच्या चर्चेत एक गोष्ट मात्र हमखास निसटते, कारण ती शहरात बसून दिसत नाही. फोटो बदलला की जागाही बदलते. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलं गेलं. आज तिथं पायऱ्यांवरून वाहणारं पाणी म्हणजे फोटोचा पडदा. लोहगडाची विंचूकाटा म्हणतात ती लांबट माची पूर्वी गडावर चालत गेल्यावर कळायची. उद्धव ठाकरे यांच्या 'महाराष्ट्र देशा' या २०१० च्या पुस्तकानं किल्ले हवेतून दाखवले तेव्हा ते नवल होतं. आता ड्रोनमुळं गडाचा नकाशासारखा आकार आधी डोळ्यांत असतो आणि चढून आलेल्याला तटावर उभं राहून काहीच दिसत नाही असं वाटतं. जुलै २०२५ मध्ये लोहगड इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी आता आणखी वाढेल.

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं. प्रवाहात एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं सगळ्या महाराष्ट्रानं फोनवर पाहिली. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं पावसाळी ठिकाणांवर, धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील काढायला बंदी घालणारे आदेश काढले. पुढल्या वर्षी, १५ जून २०२५ च्या रविवारी, आमच्या खालच्या अंगाला देहूच्या वाटेवर इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला. चार जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. मी कुंडमळा लहानपणापासून पाहतोय. खडकातले रांजणखळगे, पलीकडे शेतावर जाणाऱ्यांची ये-जा. आता कुणी तो शब्द उच्चारला की माझ्याही डोळ्यांपुढं आधी बातम्यांतलं ते वाकलेलं लोखंड येतं. मी प्रत्यक्ष पाहिलेली नदी मागं सरते. विश्वास उरला नाही म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचं असतं. विश्वास उडालेला नाही, तो इतका आहे की स्वतःच्या डोळ्यांनी साठवलेलंही फोटोपुढं हटतं.

गेल्या खरिपात शेजारच्या अण्णांबरोबर त्यांच्या खाचरावर गेलो होतो, ई-पीक पाहणी करायला. २०२१ पासून ही सोय आहे. पूर्वी तलाठी पेरा लिहायचा, आता शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून फोनवर पिकाचा फोटो काढायचा, मग सातबाऱ्यावर पीक लागतं. भात इंद्रायणी, इथंच वडगावच्या भात संशोधन केंद्रात निघालेला वाण. लोंबी अजून पुरती बाहेर पडली नव्हती. पाऊस भुरभुरत होता, अ‍ॅप जागा शोधत गरगरत होतं. अण्णांनी काच टॉवेलाच्या कोरड्या टोकानं पुसली, एक पाय बांधावर आणि एक चिखलात ठेवून फोन समोर धरला. आधी मी त्यांना माझ्या फोननं एक काढून दाखवला होता. माझ्यात भात पोपटी, आभाळ गडद, मागं डोंगराची धार. कुणीही कॅलेंडरला लावावा असा. त्यांच्यात मळकट हिरवं, एका कोपऱ्यात अंगठा आणि खाली अक्षांश-रेखांशाचे आकडे.

अण्णांनी दोन्ही पडदे शेजारी धरून पाहिले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तुझ्यातलं पीक चांगलं आलंय." आणि स्वतःचा फोटो पाठवायचं बटण दाबून रेंज यायची वाट बघत बांधावर उभे राहिले.